बारा वर्षे तगलेली संघटना : ए. फिलिप रँडॉल्फ

आपल्या चळवळीतील प्रत्येक कार्यकर्त्याने अनुभवलेली एक गोष्ट आहे. जयंतीला हजारोंचा जनसमुदाय जमतो, निळ्या झेंड्यांनी रस्ता भरून जातो, भाषणे होतात, डोळे पाणावतात. पंधरा दिवसांनी त्याच वस्तीत शाखेची बैठक लावली तर सात माणसे येतात. त्या सातांत चार पदाधिकारी असतात. वर्गणीचे पावतीपुस्तक कुणाकडे आहे हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. निवडणूक लागली की शाखा जागी होते, निकाल लागला की पुन्हा झोपते. मोर्चा काढणे आपल्याला जमते. शाखा जिवंत ठेवणे जमत नाही, हे कटू असले तरी सत्य आहे.

म्हणूनच आज आम्ही वाचकांसमोर अशा एका माणसाचे चरित्र ठेवत आहोत, ज्याने अमेरिकेतील सर्वांत उपेक्षित कामगारांची संघटना बारा वर्षे उपाशीपोटी टिकवली, आणि त्या संघटनेच्या बळावर दोन राष्ट्राध्यक्षांना आदेशांवर सही करायला भाग पाडले. या माणसाचे नाव आसा फिलिप रँडॉल्फ. मार्टिन ल्यूथर किंग आपल्याकडे सर्वांना माहीत आहेत. परंतु किंग ज्या जमिनीवर उभे राहिले ती जमीन नांगरणारा हा माणूस आपल्या कार्यकर्त्यांना फारसा परिचित नाही.

पिस्तूल घेतलेला धर्मोपदेशक

रँडॉल्फ यांचा जन्म १५ एप्रिल १८८९ रोजी फ्लोरिडा राज्यातील क्रेसंट सिटी येथे झाला. म्हणजे ते बाबासाहेबांपेक्षा दोन वर्षांनी मोठे. वडील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक होते; पण तेवढ्यावर घर चालत नसल्याने शिवणकाम करीत. आईही शिवणकाम करी. पुढे हे कुटुंब जॅक्सनव्हिल शहरात आले. गुलामगिरी कायद्याने संपून पंचवीस वर्षे झाली होती. परंतु दक्षिणेत काळ्या माणसाला झुंडीने पकडून झाडाला लटकवणे हा नित्याचा प्रकार होता. एकदा गावच्या तुरुंगातील एका काळ्या कैद्याला गोरे लोक ठार मारणार अशी बातमी आली. तेव्हा वडील पिस्तूल घेऊन इतर माणसांसोबत तुरुंगाबाहेर रात्रभर पहाऱ्यावर उभे राहिले आणि आई मांडीवर बंदूक घेऊन घरात जागत बसली. कैदी वाचला. चार माणसे एकत्र उभी राहिली तर झुंड मागे हटते, हा संघटनेचा पहिला धडा त्या मुलाला घरातच मिळाला.

१९०७ साली कुकमन संस्थेतून ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. पण शिकलेल्या काळ्या तरुणाला दक्षिणेत हमाली आणि मजुरीशिवाय काम नव्हते. १९११ साली ते न्यूयॉर्कला, हार्लेममध्ये आले. लिफ्ट चालवणे, वेटरचे काम करणे असे मिळेल ते काम करीत त्यांनी सिटी कॉलेजच्या मोफत रात्रवर्गात अर्थशास्त्र, इतिहास आणि राज्यशास्त्राचा अभ्यास केला. समाजवादाशी त्यांची ओळख तिथेच झाली.

वाचकांनी येथे एक तारीख लक्षात घ्यावी. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. कोलंबिया आणि हार्लेम हे पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. दोघांची भेट झाली असा दावा आम्ही करीत नाही. परंतु एकाच शहराच्या शेजारशेजारच्या वस्त्यांत, एकाच वेळी, दोन पददलित समाजांतील दोन तरुण अर्थशास्त्राची पुस्तके वाचून आपल्या समाजाच्या गुलामीचे कारण शोधत होते, ही वस्तुस्थिती आहे.

हार्लेमची समाजवादी शाखा

१९१६ च्या सुमारास रँडॉल्फ आणि त्यांचा मित्र चँडलर ओवेन समाजवादी पक्षात दाखल झाले. पक्षाची हार्लेममधील शाखा म्हणजे काही भव्य कार्यालय नव्हते. संध्याकाळी लेनॉक्स अव्हेन्यू आणि १३५ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर लाकडी पेटी ठेवायची, तिच्यावर चढायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना घरभाडे, मजुरी आणि मत यांचा संबंध समजावून सांगायचा, हे शाखेचे काम. प्रश्न विचारणारे विचारीत, टवाळी करणारे टवाळी करीत. रविवारी सभागृहात व्याख्यान आणि चर्चा. पत्रके वाटणे, वर्गणी गोळा करणे, मतदारयादी तपासणे. याच वर्तुळातील ग्रेस कॅम्बेल ही कृष्णवर्णीय स्त्री १९२० साली राज्याच्या विधानसभेसाठी समाजवादी पक्षाची उमेदवार होती. त्याच वर्षी रँडॉल्फ न्यूयॉर्क राज्याच्या कंट्रोलरपदासाठी उभे राहिले आणि पडले. परंतु त्यांना दोन लाखांच्या आसपास मते मिळाली.

नोव्हेंबर १९१७ मध्ये या दोघांनी 'मेसेंजर' हे मासिक काढले. पैसा कुठून आला? रँडॉल्फ यांची पत्नी लुसिल ग्रीन हिचे केशभूषेचे दुकान होते. तिने नवऱ्याचा संसार चालवला, मासिकही चालवले. नवरा बंडखोर म्हणून गाजू लागला तशी तिची गिऱ्हाइके तुटली, तरी तिने तक्रार केली नाही. रमाईचा त्याग जाणणाऱ्या आपल्या वाचकांना लुसिल समजावून सांगण्याची गरज नाही.

१९१८ साली महायुद्धाविरुद्ध प्रचार केल्याबद्दल क्लीव्हलँड येथे दोघांना अटक झाली. न्यायाधीशाने मासिकाचा अंक पाहिला आणि काळ्या पोरांना असे लिहिता येईल यावर त्याचा विश्वासच बसला नाही. गोऱ्या समाजवाद्यांनी यांच्या नावावर लिहिले असणार असे समजून त्याने त्यांना सोडून दिले. त्यांना तुरुंगापासून कायद्याने नव्हे, तर न्यायाधीशाच्या वर्णद्वेषाने वाचवले. काळ्या माणसाला बुद्धी असते हे त्या न्यायालयाला मान्य नव्हते. मेरिट या शब्दाचा आपल्याकडे आजही कसा वापर होतो हे माहीत असणाऱ्याला या प्रसंगाचे नवल वाटणार नाही.

वर्ग की वर्ण?

येथे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. समाजवादी पक्षाची त्या काळची भूमिका अशी होती की, कामगारांचा प्रश्न सुटला की काळ्यांचा प्रश्न आपोआप सुटेल, त्यासाठी वेगळे काही करण्याची गरज नाही. हार्लेममध्ये रँडॉल्फ यांच्या आधी काम केलेले ह्यूबर्ट हॅरिसन याच कारणाने पक्षापासून दूर गेले. पक्षात भाऊ म्हणायचे आणि कामगार संघटनेच्या दारावर मात्र गोऱ्यांनाच प्रवेश अशी पाटी लावायची, हा ढोंगीपणा सर्वांना दिसत होता.

आपल्याकडे हेच घडले नाही काय? मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांची पंचाईत झाली. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतील एक साधी गोष्ट उघड केली. अस्पृश्याला गँगमन म्हणून राबवतात. पण पोर्टर करीत नाहीत. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागते आणि स्टेशनमास्तर सवर्ण असतो. अमेरिकेत काळा माणूस रेल्वेत पोर्टरच होऊ शकत होता, त्यापेक्षा वर नाही. भारतात अस्पृश्य पोर्टरसुद्धा होऊ शकत नव्हता. दोन्हीकडे रेल्वेचे रूळ सारखेच होते. माणसाची पायरी मात्र जन्माने ठरत होती.

रँडॉल्फ यांनी समाजवाद सोडला नाही आणि वर्णाचा प्रश्नही बाजूला ठेवला नाही. काळ्या कामगारांची स्वतःची, स्वतःच्या नेतृत्वाखालची संघटना बांधायची आणि तिच्या बळावर गोऱ्या कामगार संघटनांच्या आत जाऊन भांडायचे, हा मार्ग त्यांनी धरला. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढणाऱ्या आणि ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात कम्युनिस्टांसोबत उतरूनही आपला झेंडा न सोडणाऱ्या बाबासाहेबांचा मार्ग याहून फार वेगळा नव्हता.

पुलमनचे पोर्टर

पुलमन कंपनी रेल्वेचे आलिशान शयनयान डबे चालवीत असे. या डब्यांत प्रवाशांची सेवा करण्यासाठी कंपनीने गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांना नोकरीवर घ्यायला सुरुवात केली, कारण त्यांना हुकूम ऐकण्याची सवय आहे आणि ते स्वस्तात मिळतात असा तिचा हिशेब होता. पोर्टरने प्रवाशांचे बिछाने घालायचे, सामान उचलायचे, रात्री सर्वांचे बूट चमकवायचे आणि दोन-तीन तास कुठेतरी आडवे व्हायचे. महिन्याला चारशे तास काम. १९२५ च्या सुमारास पगार दरमहा ६७.५० डॉलर, बाकी टिपांवर भागवायचे. बुटाचे पॉलिश स्वतःच्या पैशाने आणायचे. गाडी सुटण्यापूर्वी डबा तयार करण्याच्या तासांचा पगार नाही. आणि प्रत्येक पोर्टरला गोरे प्रवासी जॉर्ज अशीच हाक मारीत. कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज पुलमन. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखण्याची ती जुनी रीत. आपल्या बापजाद्यांनाही गावात स्वतःच्या नावाने कुणी हाक मारीत नसे, हे विसरता येईल काय?

२५ ऑगस्ट १९२५ रोजी हार्लेममधील एका सभागृहात ब्रदरहूड ऑफ स्लीपिंग कार पोर्टर्स या संघटनेची स्थापना झाली. पोर्टरांनी नेतृत्वासाठी रँडॉल्फ यांना बोलावले. कारण सरळ होते. ते पुलमनचे नोकर नव्हते, म्हणून कंपनी त्यांना कामावरून काढू शकत नव्हती. शिकागोत मिल्टन वेब्स्टर, ओकलँडमध्ये सी. एल. डेलम्स अशी शहराशहरांतील माणसे उभी राहिली आणि विभागवार शाखा सुरू झाल्या.

मग सुरू झाली ती बारा वर्षांची परीक्षा. कंपनीने खबरे नेमले. सभासदांना नोकरीवरून काढले. काळ्यांच्या जागी फिलिपिनो कामगार आणून धमकावले. स्वतःची पाळीव संघटना पुढे केली. काळ्या समाजातील अनेक वर्तमानपत्रे आणि चर्चमधील पुढारी कंपनीच्या बाजूने बोलू लागले, कारण त्यांना कंपनीकडून जाहिराती आणि देणग्या मिळत. शत्रू बाहेरचा असतो तेव्हा लढणे सोपे जाते; आपलाच माणूस विकला जातो तेव्हा खरी कसोटी लागते.

शाखा जिवंत राहिल्या त्या बायकांमुळे. नवऱ्याने वर्गणी दिल्याचे कळले तर नोकरी जाई, म्हणून पोर्टरांच्या बायका घरोघर फिरून वर्गणी गोळा करीत, पत्रके पोहोचवीत. वॉशिंग्टनच्या रोझिना टकर यांच्या नवऱ्याला कंपनीने कामावरून काढले, तेव्हा त्या सरळ वरिष्ठाच्या कचेरीत गेल्या आणि टेबलावर हात आपटून त्यांनी जाब विचारला. नवऱ्याला काम परत मिळाले.

१९२८ साली रँडॉल्फ यांनी संपाची हाक दिली आणि ऐनवेळी मागे घेतली. पुरेसे बळ नाही, संप मोडला तर संघटनाच संपेल, असा त्यांचा हिशेब होता. हा निर्णय सभासदांना रुचला नाही. काही हजारांवर गेलेली सभासदसंख्या घसरत १९३३ च्या सुमारास ६५८ वर आली. 'मेसेंजर' बंद पडले. न्यूयॉर्कच्या कचेरीचे भाडे थकले, वीज तोडली गेली. रँडॉल्फ विटक्या कपड्यांत गावोगाव जात, सभा घेत आणि सभेच्या शेवटी टोपी फिरवून पुढच्या गावाचे तिकीट काढीत. ६५८ माणसांची संघटना बरखास्त करायला कारणे भरपूर होती. त्यांनी ती केली नाही.

आम्ही वकिलीच्या धंद्यातील आहोत, म्हणून पुढचा भाग आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो. १९२८ साली आंतरराज्य वाणिज्य आयोगाने पोर्टरांची तक्रार आपल्या अधिकारकक्षेत येत नाही असे सांगून फेटाळली होती. १९३४ साली रूझवेल्ट यांच्या राजवटीत रेल्वे कामगार कायद्यात दुरुस्ती झाली. मालकाने पाळलेल्या संघटनांना चाप बसला आणि शयनयान कंपन्या स्पष्टपणे कायद्याच्या कक्षेत आल्या. १९३५ साली सरकारी देखरेखीखाली गुप्त मतदान झाले. ब्रदरहूडला ५,९३१ मते पडली, कंपनीच्या संघटनेला १,४२२. आणि २५ ऑगस्ट १९३७ रोजी, स्थापनेला बरोबर बारा वर्षे झाली त्या दिवशी, पुलमन कंपनीने करारावर सही केली. महिन्याला चारशेऐवजी २४० तास काम आणि सर्व मिळून सुमारे साडेबारा लाख डॉलरची पगारवाढ. बलाढ्य अमेरिकन कंपनीने कृष्णवर्णीयांच्या कामगार संघटनेशी केलेला हा पहिला करार.

कायदा आला तेव्हा त्याचा फायदा घ्यायला संघटना जिवंत होती. ती १९३३ साली मेली असती तर १९३४ च्या दुरुस्तीचा पोर्टरांना काडीचाही उपयोग झाला नसता. हक्क कागदावर मिळतो. तो हातात घ्यायला संघटित हात लागतो.

न निघालेला मोर्चा

१९४१ साली युद्धसामग्रीचे कारखाने धडाक्याने सुरू झाले, पण काळ्यांना तिथे काम नव्हते. निवेदने देऊन काही झाले नाही, तेव्हा १ जुलै रोजी काळ्यांचा मोर्चा राजधानीत आणण्याची घोषणा रँडॉल्फ यांनी केली. आधी दहा हजार, मग एक लाख. या मोर्चात फक्त कृष्णवर्णीयच असतील, ही लढाई त्यांनी स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या नेतृत्वाने लढायची, असा त्यांचा आग्रह होता. त्यावर टीका झाली, पण ते हटले नाहीत. पोर्टर गाडीगाडीतून, शहराशहरांत ही बातमी नेत होते. म्हणून ही पोकळ धमकी नव्हती. १८ जूनला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना बोलावून घेतले. २५ जूनला आदेश क्रमांक ८८०२ निघाला. संरक्षण उद्योगांत आणि केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत वर्णभेद करण्यास बंदी आली आणि देखरेखीसाठी समिती नेमली गेली. मोर्चा स्थगित झाला.

या समितीला दंड करण्याचा अधिकार नव्हता आणि १९४६ साली ती गुंडाळली गेली, हेही सांगितले पाहिजे. लष्करातील वेगळ्या तुकड्या तशाच राहिल्या. त्यासाठी १९४८ साली रँडॉल्फ यांनी तरुणांना लष्करभरती नाकारण्याचे आवाहन करू असा इशारा दिला आणि २६ जुलै रोजी ट्रूमन यांनी लष्करातील भेद संपवणारा आदेश काढला.

रँडॉल्फ १९३६ साली ज्या नॅशनल निग्रो काँग्रेसचे पहिले अध्यक्ष होते, ती संस्था त्यांनी १९४० मध्ये कम्युनिस्टांचे वर्चस्व वाढल्याने सोडली. पुढे १९४६ साली याच संस्थेने संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांच्या वतीने अर्ज केला. त्याबद्दल वाचून बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांचा प्रश्नही तसाच जगापुढे मांडता येईल काय, याचा ते विचार करीत होते. दोन लढ्यांमधील धागा असा कागदोपत्री सिद्ध आहे.

माँटगोमेरीची शाखा

१ डिसेंबर १९५५ रोजी अलाबामातील माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांना बसमधील जागा न सोडल्याबद्दल अटक झाली. त्यांना जामिनावर सोडवायला धावलेला माणूस होता ई. डी. निक्सन. हा पुलमनचा पोर्टर होता आणि ब्रदरहूडच्या माँटगोमेरी शाखेचा अध्यक्ष. मतदार नोंदणी, पोलिसांच्या तक्रारी, वर्गणी, बैठका, हे सर्व तो वर्षानुवर्षे करीत आला होता. जो ॲन रॉबिन्सन आणि त्यांच्या महिला मंडळाने रातोरात पत्रके छापली. निक्सन यांनी धर्मोपदेशकांना एकत्र केले आणि २६ वर्षांच्या किंग यांना गळ घातली. ३८१ दिवस बहिष्कार चालला. जगाला किंग दिसले. त्यांच्यामागे उभी असलेली पोर्टरांची शाखा फार थोड्यांना दिसली.

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला सुमारे अडीच लाख लोकांचा मोर्चा निघाला, तोही मूळ १९४१ च्या कल्पनेतून. प्रमुख रँडॉल्फ होते, आखणी बेयार्ड रस्टिन यांची होती. मोर्चाच्या नावात स्वातंत्र्याच्या आधी रोजगार हा शब्द होता. त्याच वर्षी लुसिल वारली होती.

मात्र चरित्र लिहायचे तर आरती ओवाळून चालत नाही. ज्या बायकांनी संघटना जगवली, त्यांना त्या मोर्चात मुख्य भाषणाची संधी मिळाली नाही. पॉली मरे या विदुषी वकील स्त्रीने याचा जाहीर निषेध केला आणि तो योग्यच होता. १९६८ साली न्यूयॉर्कच्या शाळांच्या वादात रँडॉल्फ शिक्षक संघटनेच्या बाजूने उभे राहिले आणि हार्लेमच्या तरुणांना ते परके वाटले. परंतु एक गोष्ट कुणी म्हणू शकले नाही, की हा माणूस विकला गेला. १९६६ साली त्यांनी दारिद्र्य संपवण्यासाठी फ्रीडम बजेट मांडले, ते सरकारने बासनात गुंडाळले. १६ मे १९७९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. मागे संपत्ती म्हणावी असे काही नव्हते.

आपण काय घ्यायचे?

आमच्याकडे कंत्राटी सफाई कामगार दावे घेऊन येतात. बहुतेक आपलेच बांधव असतात. दहा-बारा वर्षे गटार उपसलेले असते. पण हातात नेमणूकपत्र नसते, पगाराची चिठ्ठी नसते. ओळखपत्रावर दर दोन वर्षांनी वेगळ्या कंत्राटदाराचे नाव असते. एकट्याने आलेल्या माणसाचा खटला आम्ही लढतो, पण तो बहुधा पुराव्याअभावी अडतो. संघटना घेऊन येणाऱ्यांकडे हजेरीच्या नोंदी असतात, पावत्या असतात, साक्षीदार असतात. मुंबई महापालिकेचे २,७०० कंत्राटी सफाई कामगार २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात जिंकले, ते पाठीशी चिवट संघटना होती म्हणून.

तेव्हा प्रत्येक शाखेने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. आपल्या शाखेचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून चालतो की एखाद्या दात्याच्या खिशातून? वर्गणीचा हिशेब दरमहा सर्वांसमोर वाचला जातो काय? वस्तीतील किती कामगार कुठे राबतात याची वही आपल्याकडे आहे काय? आणि ज्या महिला शाखेचे निम्मे काम करतात त्यांपैकी किती जणी व्यासपीठावर बसतात? या प्रश्नांची उत्तरे नसतील तर पुढच्या मोर्चाच्या घोषणा आधी लिहू नयेत. आधी पावतीपुस्तक शोधावे.

६५८ सभासद ही काही मोठी संख्या नाही. आपल्या कोणत्याही तालुक्यात तेवढे सहज मिळतील. प्रश्न त्यांच्या संख्येचा नाही. पुढची बारा वर्षे ते दर महिन्याला बैठकीला येतील की नाही, एवढाच आहे.